उन्हाळी परसबाग : जबलपूरच्या अंगणातील कोशिंबीर, पाणी आणि पोषण

मराठी जेवणाच्या ताटात मिठाच्या शेजारी डावीकडे वाढली जाणारी कोशिंबीर ही केवळ तोंडी लावण्याची वस्तू नव्हे. शिजवलेल्या अन्नात उष्णतेने जे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होते, ते 'क' जीवनसत्त्व या कच्च्या पदार्थातून शरीरास मिळते. लिंबू पिळलेली कोशिंबीर डाळ-पोळीसोबत घेतली असता वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही सुधारते. मात्र उन्हाळ्यात, शरीराला ताज्या व पाणीदार भाज्यांची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच काळात, त्यांचे उत्पादन घटते, भाव चढतात आणि अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या ताटातून कोशिंबीर सर्वप्रथम नाहीशी होते. हा प्रश्न घराच्या अंगणात किंवा गच्चीवर कितपत सोडविता येईल, याचा विचार जबलपूर शहराच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. परसबाग हा विषय वरकरणी छंदाचा वाटतो. तथापि त्यात पोषण, महागाई, जलव्यवस्थापन, हवामान आणि नागरी नियोजन असे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातील अनेक घटक एकत्र येतात.

जबलपूरच का?

जबलपूर हे नर्मदेच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर वसलेले शहर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेमुळे आणि पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी झालेल्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात असल्यामुळे येथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. कृषी-हवामानाच्या दृष्टीने हा भाग कैमूर पठार व सातपुडा टेकड्यांच्या विभागात मोडतो. वार्षिक पर्जन्यमान सुमारे १३०० मिलिमीटर असले, तरी त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात कमाल तापमान साधारणतः ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवा अत्यंत कोरडी होते. पाऊस भरपूर, पण उन्हाळा टंचाईचा, ही मध्य भारताची प्रातिनिधिक स्थिती येथे स्पष्टपणे दिसते.

कृषी संशोधनाच्या दृष्टीनेही या शहराचे महत्त्व आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय येथील अधारताल परिसरात आहे. प्रारंभी संपूर्ण अविभाजित मध्य प्रदेश हे त्याचे कार्यक्षेत्र होते. पुढे १९८७ मध्ये रायपूर येथे व २००८ मध्ये ग्वाल्हेर येथे स्वतंत्र कृषी विद्यापीठे स्थापन झाली. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन निदेशालयही जबलपुरातच असून, १९८९ मध्ये राष्ट्रीय तण विज्ञान संशोधन केंद्र म्हणून त्याचा आरंभ झाला. मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील कृषी विज्ञान केंद्रांच्या कार्याचे समन्वयन करणारी कृषी तंत्रज्ञान अनुप्रयोग संशोधन संस्थाही येथे आहे. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे सुरू झाले होते, हे या संदर्भात लक्षात ठेवावे.

हिवाळ्यात जबलपूर परिसर हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. 'एक जिल्हा एक उत्पादन' या उपक्रमात जबलपूर जिल्ह्यासाठी हिरवा वाटाणाच निवडण्यात आला. म्हणजेच हा प्रदेश भाजीपाल्याच्या बाबतीत मुळात दरिद्री नाही. उणीव आहे ती ऋतूची.

महागाई आणि पोषण : प्रश्नाचे दोन पैलू

भाजीपाला उत्पादनात चीननंतर भारताचा जगात दुसरा क्रमांक लागतो. असे असूनही भाज्यांच्या भावातील चढउतार ही आपल्या अर्थव्यवस्थेची जुनी दुखरी बाजू आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात भाज्यांचा भार केवळ ६.०४ टक्के होता. परंतु जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव भडकले तेव्हा भाज्यांमधील महागाईचा दर ३७.३४ टक्के आणि एकूण किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के नोंदविला गेला. भार आणि दर यांचा गुणाकार केल्यास, ढोबळमानाने एकूण ७.४४ पैकी सुमारे सव्वादोन टक्के-अंकांचा वाटा एकट्या भाज्यांचा होता, असे दिसते. त्या वेळी केंद्र शासनाने राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ व नाफेड यांच्यामार्फत टोमॅटो खरेदी करून ग्राहकांना सवलतीच्या दरात विकले. तत्पूर्वी २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा व बटाटा यांच्या भावस्थैर्यासाठी ५०० कोटी रुपयांची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर झाली होती.

भावातील या अस्थिरतेमागे नाशवंतपणा हे एक प्रमुख कारण आहे. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ मधील अभ्यासानुसार टोमॅटोचे काढणीपश्चात नुकसान सुमारे १२ टक्के होते. काकडी, कोथिंबीर, पुदिना यांसारख्या पाणीदार भाज्या चाळीस अंशांच्या उन्हात शेतातून मंडईत आणि मंडईतून हातगाडीवर येईपर्यंत किती कोमेजतात, हे कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. घरात पिकविलेल्या भाजीला ही वाहतूक करावी लागत नाही. सकाळी तोडलेली काकडी दुपारच्या पानात येते.

दुसरा पैलू पोषणाचा. राष्ट्रीय पोषण संस्था, हैदराबाद हिने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २००० किलोकॅलरींच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, असे सुचविले आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि ६ ते ५९ महिने वयोगटातील ६७.१ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण अनुक्रमे ५३.१ व ५८.६ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत आणि केवळ कोशिंबिरीने तो दूर होणार नाही. परंतु लोहयुक्त आहारासोबत 'क' जीवनसत्त्वाचा स्रोत असणे ही त्यावरील उपायांमधील एक स्वस्त पायरी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेले पोषण अभियान आणि नंतरच्या 'सक्षम अंगणवाडी व पोषण २.०' मध्ये अंगणवाडीच्या आवारातील 'पोषण वाटिके'ला स्थान मिळाले, ते याच भूमिकेतून.

उन्हाळ्यात कोणत्या भाज्या तग धरतात?

परसबागेतील बहुतेक अपयशाचे मूळ पिकाच्या चुकीच्या निवडीत असते. परदेशी पाककृतींमधील सॅलड म्हणजे प्रामुख्याने लेट्यूसची पाने. ही थंड हवामानाची वनस्पती आहे. जमिनीचे तापमान साधारण ३० अंशांच्या वर गेले की तिचे बी सुप्तावस्थेत जाते व रुजत नाही. लावलेली रोपे दिवस मोठा व उष्ण होताच फुलदांडा काढतात आणि पाने कडू होतात. गाजर व बीट हीदेखील हिवाळ्याचीच पिके होत. टोमॅटोचे झाड उन्हाळ्यात जगते, पण दिवसाचे तापमान सुमारे ३५ अंशांच्या आणि रात्रीचे सुमारे २५ अंशांच्या वर राहू लागले की परागकणांची फलनक्षमता घटते आणि फुले गळतात. त्यामुळे जबलपुरात मार्चच्या अखेरीस टोमॅटोची रोपे लावणाऱ्यास हिरवीगार झाडे मिळतात, फळे मात्र मिळत नाहीत. रोपे डिसेंबर-जानेवारीत तयार करून फेब्रुवारीच्या आरंभी लावल्यास एप्रिलच्या मध्यापर्यंत फळधारणा पूर्ण होते.

याउलट काकडी ही या भूमीचीच कन्या आहे. तिचे मूळ स्थान हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानले जाते आणि तिची कडू, रानटी आप्तवनस्पती आजही तेथे आढळते. काकडीचे बी उबदार जमिनीत लवकर रुजते आणि पेरणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते. पुणे खिरा, तसेच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची हिमांगी हे वाण मराठी शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. मुळ्यामध्ये भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा चेतकी हा वाण उष्ण हवामानासाठी विकसित झाला असून, तो सुमारे ४० ते ४५ दिवसांत काढणीस येतो. पुदिना, कांद्याची पात आणि अर्धवट सावलीत थोडी थोडी पेरलेली कोथिंबीर या गोष्टी कोशिंबिरीला स्वाद देतात.

येथे एका उपेक्षित वनस्पतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ती म्हणजे घोळ. तण म्हणून उपटून फेकली जाणारी ही मांसल पानांची वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ती सी-४ गटातील असून, पाण्याचा ताण पडताच कॅम पद्धतीचा अवलंब करू शकते, म्हणजे रात्री पर्णरंध्रे उघडून पाण्याची बचत करते. गहू, भात, काकडी ही सी-३ पिके आहेत, तर मका, ज्वारी, ऊस व तांदुळजा ही सी-४ पिके आहेत. उष्ण व कोरड्या हवेत सी-४ वनस्पती कमी पाण्यात अधिक कार्यक्षम ठरतात, हे तत्त्व परीक्षार्थींनी या उदाहरणातून समजून घ्यावे. घोळीची कोवळी, आंबूस पाने दह्यातील कोशिंबिरीत उत्तम लागतात. मात्र दोन दक्षता घ्याव्यात. देठ मोडल्यावर दुधासारखा चीक आला, तर ती घोळ नसून दुधीच्या जातीची वनस्पती आहे, ती खाऊ नये. तसेच घोळीत ऑक्झलेटचे प्रमाण अधिक असल्याने मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काकडीत सुमारे ९६ टक्के पाणीच असते. ती उन्हाळ्यात तहान भागविते, पण जीवनसत्त्वांचा मोठा साठा तिच्यात नाही. म्हणून काकडीसोबत हिरवी पाने, टोमॅटो, लिंबू आणि मोड आलेले मूग यांची जोड हवी. मूग भिजवून मोड आणताना त्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते, आणि त्यासाठी जमीन लागत नाही, केवळ ओले फडके पुरते. ज्या कुटुंबाजवळ अंगण किंवा गच्ची नाही, त्यांच्यासाठी हीच सर्वांत लहान परसबाग होय.

पाण्याचा हिशेब

उन्हाळी परसबागेचा खरा कस पाण्याच्या हिशेबात लागतो. एक चौरस मीटर जागेवरील एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे साधे सूत्र ध्यानात ठेवावे. मे महिन्यात उघड्या वाफ्यातून बाष्पीभवन व बाष्पोत्सर्जनाद्वारे दररोज ७ मिलिमीटर पाणी जाते असे उदाहरणादाखल धरल्यास, १० चौरस मीटरच्या बागेला रोज ७० लिटर पाणी लागेल. नागरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक दरडोई दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे ही लहानशी बाग एका माणसाच्या वाट्यातील निम्मे पाणी घेईल. ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने निश्चित केलेले प्रमाण दरडोई ५५ लिटर आहे. तेथे तर ही बाग एका व्यक्तीच्या वाट्याहूनही अधिक पाणी पिईल.

आता उत्पादन पाहू. काकडीचे उत्पन्न हेक्टरी १५ टन धरल्यास दर चौरस मीटरला दीड किलो, म्हणजे १० चौरस मीटरमधून १५ किलो भाजी मिळते. चार जणांच्या कुटुंबाला दररोज प्रत्येकी ४०० ग्रॅम या दराने ९० दिवसांत १४४ किलो भाज्या लागतील. अर्थात ही बाग गरजेच्या सुमारे एक दशांशच भाग भागवू शकेल. दुसऱ्या शब्दांत, दर माणशी रोज ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटीभराहूनही कमी कोशिंबीर.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, परसबाग मंडईला पर्याय ठरू शकत नाही, आणि तसा दावा करणे विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेतही टाळावे. तिचे स्थान पूरक आहे. शिजविण्याची भाजी बाजारातून आणि कच्ची खाण्याची भाजी घरातून, अशी विभागणी करणे श्रेयस्कर. दुसरा निष्कर्ष असा की, नळाच्या पिण्यायोग्य पाण्यावर मोठी उन्हाळी बाग करणे सामाजिकदृष्ट्या समर्थनीय नाही. एका घराची हिरवळ दुसऱ्या घराच्या रिकाम्या हंड्यावर उभी राहू नये.

मग मार्ग कोणता? तो जबलपूर परिसराच्याच परंपरेत सापडतो.

हवेली, तलाव आणि डांगरवाडी

जबलपूर-नरसिंहपूर भागातील काळ्या जमिनीत 'हवेली' नावाची पारंपरिक पद्धत होती. शेताला चहूबाजूंनी उंच बांध घालून पावसाळाभर त्यात पाणी साठवीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते सोडून देऊन वाफसा येताच गहू-हरभऱ्याची पेरणी करीत. जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर रब्बीचे पीक येई आणि पाण्याखाली राहिल्याने तणांचाही बंदोबस्त होई. खरिपातील सोयाबीनच्या प्रसारानंतर या पद्धतीखालील क्षेत्र आकसले. शहरातही गोंड राजवटीच्या काळापासून तलावांची परंपरा होती. 'बावन्न तालांचे शहर' अशी जबलपूरची लोकप्रसिद्धी आहे. अधारताल, राणीताल, चेरीताल ही वस्त्यांची नावे त्या तलावांची आठवण आजही देतात. नाव उरले आणि पाणी गेले, असे अनेक ठिकाणी घडले.

या दोन्ही व्यवस्थांचे तत्त्व एकच आहे : पावसाळ्यातील पाणी कोरड्या ऋतूसाठी राखून ठेवणे. हेच तत्त्व घराला लावून पाहू. ५० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला १३०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ६५,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के गोळा करता आले, तर ते ५२,००० लिटर होते. दुसरीकडे, आच्छादन व सावली यांच्या योगे बागेची सरासरी गरज रोज ५० लिटरपर्यंत खाली आणल्यास ९० दिवसांना ४,५०० लिटर पुरतात. म्हणजे छतावरील पाण्याचा दहावा भागही बागेसाठी पुरेसा आहे. उरलेले पाणी कूपनलिका किंवा शोषखड्ड्याद्वारे भूजलात जावे. अशी टाकी उभारण्याचा खर्च प्रत्येकास परवडेल असे नाही. तथापि वसाहतीच्या किंवा शाळेच्या पातळीवर तो विभागला जाऊ शकतो.

तिसरी परंपरा नदीपात्राची. पूर ओसरल्यावर नद्यांच्या वाळूत खड्डे अथवा चर खणून, त्यात शेणखत भरून काकडी, खरबूज व टरबूज यांची लागवड केली जाते. विदर्भात तिला डांगरवाडी म्हणतात. वरून कोरडी दिसणारी वाळू खाली ओल धरून असते आणि वेलींची मुळे त्या ओलीपर्यंत पोहोचतात. परसबागेसाठी यातून मिळणारा धडा असा की, पाणी व खत पृष्ठभागावर पसरण्याऐवजी मुळांच्या खोलीवर द्यावे. मटका सिंचन हा त्याचाच घरगुती प्रकार होय. न भाजलेल्या नव्हे, तर भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मातीच्या मडक्यास मानेपर्यंत जमिनीत पुरून त्यात पाणी भरावे व झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या छिद्रांतून हळूहळू पाझरते आणि भोवती लावलेल्या चार-पाच वेलींना पुरते.

प्रत्यक्ष लागवड

जबलपूरसारख्या हवामानात कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१) जानेवारी : जागेची निवड व मातीची तयारी. काळी चिकण माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात तितकेच कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व थोडी वाळू मिसळावी. टोमॅटोची रोपे या महिन्यात तयार असावीत.

२) फेब्रुवारी : टोमॅटोची लावणी, पुदिन्याच्या काड्यांची लागवड. महिन्याच्या उत्तरार्धापासून मार्चच्या पूर्वार्धापर्यंत काकडीची पेरणी करावी. एका आळ्यात दोन-तीन बिया टाकून पुढे एकच जोमदार रोप ठेवावे.

३) मार्च : वेलींसाठी ताटी अथवा मांडव. मांडवावर चढलेली काकडी कमी जागा व्यापते, फळे जमिनीला टेकत नाहीत आणि मांडवाखालच्या सावलीत कोथिंबीर टिकते.

४) एप्रिल-मे : पुसा चेतकी मुळा व कांद्याची पात यांची दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरणी. वाळलेले गवत, पालापाचोळा किंवा भुसा यांचे पाच-सात सेंटिमीटर जाडीचे आच्छादन. पाणी पहाटे किंवा सायंकाळी द्यावे.

५) जून : पहिल्या पावसानंतर उन्हाळी वेली काढून पावसाळी पिकांसाठी वाफे मोकळे करावेत.

सावलीविषयी एक भौगोलिक मुद्दा ध्यानात घ्यावा. जबलपूर २३ अंशांहून किंचित अधिक उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे जून महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भिंतीची सावली दुपारी नाममात्र उरते. म्हणून येथे भिंतीच्या आडोशापेक्षा वरून धरलेली ५० टक्के सावलीची शेडनेट अथवा बांबूची विरळ ताटी उपयुक्त ठरते. पश्चिमेकडे मक्याची एक ओळ लावल्यास उष्ण वाऱ्याला अटकाव होतो.

काकडीच्या वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी चिमुकली काकडी दिसते. फार उष्ण व मोठ्या दिवसांत नर फुलांचे प्रमाण वाढते. परागीभवन मुख्यतः मधमाश्या सकाळी करतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशकाची फवारणी करणे म्हणजे स्वतःचेच उत्पन्न बुडविणे होय. मधमाश्या नसल्यास नर फूल तोडून त्याचे परागकण मादी फुलाच्या कुक्षीस लावावेत. पाण्याचा ताण पडल्यास फळात कुकुर्बिटासिन नावाचे कडू द्रव्य वाढते, म्हणून पाणी थोडे पण नियमित द्यावे. कोवळ्या रोपांवरील तांबडे भुंगेरे सकाळी हाताने वेचावेत. कोरड्या हवेत पानांखाली वाढणाऱ्या लाल कोळ्यांसाठी पाण्याचा फवारा व पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो. फळमाशी लागलेली फळे झाडाखाली न ठेवता नष्ट करावीत.

सुरक्षिततेचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न पाण्याच्या शुद्धतेचा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीत रोगजंतू मारणारी शिजविण्याची पायरीच नसते. देशातील अनेक शहरांभोवती सांडपाण्यावर भाजीपाला घेतला जातो आणि उन्हाळ्यात स्वच्छ पाणी आटल्यावर हा धोका वाढतो. घरच्या बागेचे सर्वांत ठोस समर्थन कदाचित हेच आहे की, भाजीला कोणते पाणी घातले ते आपणास माहीत असते. म्हणून तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी बागेस जरूर द्यावे, परंतु साबण व डिटर्जंट मिसळलेले पाणी पालेभाज्यांना न देता फळझाडांना द्यावे. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारयुक्त असते. ते साध्या पाण्यात मिसळूनच वापरावे. घरची असली तरी भाजी वाहत्या पाण्यात धुऊनच खावी.

दुसरा प्रश्न गच्चीच्या भाराचा. ओल्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. २० सेंटिमीटर जाडीचा वाफा म्हणजे दर चौरस मीटरला ३०० किलोहून जास्त भार. भारतीय मानक ८७५ नुसार ये-जा असलेल्या सपाट छतासाठी चल भार दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो धरला जातो. तेव्हा गच्चीवर सलग वाफे न करता कोकोपीट व कंपोस्टचे हलके मिश्रण भरलेल्या कुंड्या तुळया व भिंतींच्या रेषेत ठेवाव्यात. छताची गळती होऊ नये म्हणून कुंड्यांखाली विटा ठेवून पाण्याला वाट द्यावी.

तिसरा प्रश्न श्रमाचा. चाळीस अंशांच्या वर तापमान गेलेल्या दिवशी दुपारी बागेत काम करणे धोक्याचे आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक असेल, अथवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचले, तर उष्णतेची लाट मानली जाते. परसबागेचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे येते, हेही विसरून चालणार नाही. पोषणाच्या नावाखाली त्यांच्या श्रमात आणखी एका ओझ्याची भर पडत असेल, तर कार्यक्रमाचा हेतूच विफल होईल. पाणी घालण्याची, आच्छादनाची व तोडणीची कामे घरातील सर्वांनी वाटून घेतली, तरच बाग दुसऱ्या वर्षी टिकते.

धोरणात्मक दिशा

७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन, पाणीपुरवठा आणि उद्याने-बागा हे विषय नगरपालिकांकडे सोपविता येतात. परसबाग या चारही विषयांच्या सीमेवर उभी आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला कचरा वेगळा करण्याचे बंधन घातले. त्या ओल्या कचऱ्याचे खत वसाहतीतच वापरले गेले, तर वाहतुकीचा खर्च वाचतो. जगाच्या इतिहासातही असे प्रयोग झाले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व अमेरिकेत नागरिकांनी अंगणात भाजीपाला पिकविला, तर १९९० च्या दशकात आयात खुंटल्यावर क्युबाने हवाना शहरात सामूहिक भाजीमळे उभे केले. ही दोन्ही उदाहरणे संकटकाळातील आहेत. आपल्याकडील उन्हाळा हे दरवर्षी ठरलेल्या तारखांना येणारे लहानसे संकटच आहे आणि म्हणूनच त्याची पूर्वतयारी शक्य आहे.

जबलपूरसारख्या शहरात कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, अंगणवाड्या व बचत गट या सर्व यंत्रणा उपलब्ध आहेत. हंगामानुसार योग्य बियाण्यांची छोटी पाकिटे जानेवारीतच उपलब्ध होणे, अंगणवाडीच्या छताचे पाणी साठविणे आणि सामूहिक जागांत वाफे करण्यास परवानगी देणे, एवढ्या तीन गोष्टींनी बराच फरक पडेल. ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांनाच परसबागेचा लाभ मिळत राहिला, तर ती सुखवस्तूंचा छंद ठरेल. ज्या वस्तीत रक्तक्षय अधिक, तेथेच जागा व पाणी कमी असते. सार्वजनिक धोरणाची गरज आहे ती येथे.

सारांश, उन्हाळी कोशिंबीर-बाग लहान असावी, साठविलेल्या पाण्यावर असावी आणि ऋतूला मानवणाऱ्या पिकांची असावी. तिच्यातून मिळणारे प्रमाण थोडे असले, तरी मे महिन्याच्या दुपारी ताटात पडणारी ती ताजी, स्वच्छ आणि विकत न घेतलेली मूठभर हिरवळ अल्प उत्पन्न गटातील कुटुंबासाठी मोलाची आहे.

सरावासाठी प्रश्न

१) ग्राहक किंमत निर्देशांकात भाज्यांचा भार अल्प असूनही त्यांच्या भाववाढीचा एकूण महागाईवर मोठा परिणाम का होतो? जुलै २०२३ च्या आकडेवारीच्या आधारे स्पष्ट करा.

२) सी-३ व सी-४ वनस्पतींमधील फरक उन्हाळी पीकनिवडीच्या संदर्भात सांगा.

३) 'हवेली' पद्धत व छतावरील पर्जन्यजल संचय यांतील समान तत्त्व कोणते? दोहोंच्या मर्यादा लिहा.

४) 'परसबाग मंडईला पूरक आहे, पर्याय नव्हे.' पाणी व उत्पादनाच्या हिशेबासह या विधानाची चर्चा करा.